हाताएवढं अंतर

नियम एका ओळीचा आहे:
प्रशिक्षकाचा हात धावणारीच्या अंगाला लागला
की शर्यत संपली.
तिची एकटीची नाही, सहाही जणींची.

म्हणून सोळा वर्षं
या पोरींच्या मागून गाडीतून येताना
मी हात खिशात ठेवलेत.

त्या दिवशी मोगामीचं पाणी शिशासारखं होतं,
पुलाच्या कठड्याशी गावातली माणसं
कागदी झेंडे घेऊन उभी.
मिनोवा, पाचवा टप्पा, निळी तासुकी.
चार जणींचा घाम आधीच प्यायलेला तो पट्टा
तिच्या खांद्यावरून तिरका येऊन
कमरेशी खोचलेला.

चौथ्या किलोमीटरला तिचं डोकं डावीकडे कललं.
मी म्हटलं, वारा आहे.
मग ती पांढऱ्या रेघेबाहेर गेली, परत आली,
पुन्हा गेली.
मी म्हटलं, वळण आहे.
रस्ता सरळ होता.

लोक ओरडत होते, आणखी थोडं, आणखी थोडं.
हे दोन शब्द मीच शिकवले होते तिला
रोज पहाटे, देवळाच्या दोनशे पायऱ्यांवर.
कुठल्या पायरीला थांबायचं ते शिकवलं नव्हतं;
मलाच कुणी शिकवलेलं नाही.
एकविसाव्या वर्षी मी मोडक्या नडगीवर
शेवटचे दोन किलोमीटर काढले होते.
पेपरात फोटो आला. वडिलांनी तो चौकटीत बसवून
जिन्यात लावला.
अजून त्याच्या खालून उतरताना
मी कठडा धरतो.

गाडीतून उतरलो,
तिच्या बाजूने चालू लागलो.
चालू लागलो म्हणजे बघा,
ती धावत होती
आणि मी चालत तिच्या बरोबर होतो.

पंच म्हणाले, कुरामोची-सान, तुम्ही ठरवा.

समोर बदलीच्या रेघेवर ओगिवारा उभी,
दोन्ही हात पुढे केलेले,
तोंडाने नुसतं हिचं नाव.

माझा हात खिशाबाहेर आला.
तिच्या खांद्यापासून वीतभर.
मग चार बोटं.
मग परत वीतभर.

आई पर्सिमनची फळं दोरीला बांधून
वळचणीला सुकत घालायची.
म्हणायची, तुटेपर्यंत ताणू नये रे.
दोरी तुटण्याआधी काही बोलत नाही,
हे मात्र कधी म्हणाली नाही.

"मिनोवा," मी विचारलं, "आज वार कुठला?"
ती म्हणाली, "धावतेय."

मी हात लावला.

खांदा थंडगार होता. घाम नव्हता.
माझ्या हातासकट ती आणखी तीन पावलं गेली,
मग अंगावर आली,
दोरीवरून सुटलेल्या चादरीसारखी.

ओगिवारा पांढरी तासुकी घालून पळाली,
जी कुणाचीच नसते.
आयुष्यातलं सगळ्यात जलद पळाली ती.
ती वेळ कुठल्याच कागदावर नाही,
माझ्या घड्याळात आहे, पुसवत नाही.

दवाखान्यात मिनोवा एकच बोलली,
किती उरलं होतं?
बरंच, मी म्हटलं.
रात्री एकटा जाऊन मोजलं:
दोनशे बारा पावलं.
तीसुद्धा माझी, लंगडी.

मार्चमध्ये ती सरावाला आली.
कमरेत वाकून नमस्कार केला,
माझ्याकडे पाहिलं नाही.
बाकीच्या मुली वर देवळाशी पोचल्या तेव्हा
ही एकशे चाळिसाव्या पायरीला आपणहून थांबली,
वाकली,
बुटाची नाडी बांधू लागली
जी सुटलेली नव्हती.

शिट्टी माझ्या ओठांत होती.
तिची लोखंडी चव
बराच वेळ जिभेवर राहिली.